मातीसकट

मागच्या दोन खोल्या मी आता भाड्याने देत नाही. विचारायला लोक येतात. कारखान्यात नव्याने लागलेली मुलं येतात, मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या द्या म्हणणारे दलाल येतात. मी दारातूनच नाही म्हणते. एक तर त्या खोल्यांचा स्पिरिटचा वास अजून गेलेला नाही. आणि दुसरं म्हणजे तिथल्या फडताळावर तीन बरण्या आहेत. त्यांचं काय करायचं हे माझं अजून ठरलेलं नाही.

बरण्या आमच्या भाडेकरूंच्या. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून सगळं थळ गाव मला बाईच म्हणतं. पण सर ज्या सुरात 'बाई' म्हणायचे, त्यापुढे माझी काहीतरी चूक निघणार हे ठरलेलं असायचं. तालुक्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. कॉलेजच्या शेजारी चांगल्या खोल्या मिळत असताना रोज एसटीने हेलपाटे घालायची हौस कुणाला असते? यांना होती. खोली बघायला आले तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही, की भाडं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की बोटी लागतात ती जागा इथून चालत किती लांब, आणि खोलीत उत्तरेचा उजेड येतो का. आमचे हे तेव्हा होते. आत येऊन मला म्हणाले, "माणूस निरुपद्रवी दिसतो." आमच्या ह्यांचा माणसांबद्दलचा अंदाज जन्मभर चुकत आला, तो तेव्हाही चुकला.

बोटींवरून फेकून द्यायचा जो माल उतरतो, तो सर बादलीत भरून आणायचे. खेकड्यांच्या नांग्या, शिंपले, नाव नसलेले किडे. ते सगळं माझ्या मागच्या अंगणात पसरून लिंबाच्या काट्याने उलटंपालटं करत बसायचे. एकदा माझं दूध तापवायचं पातेलं त्यांनी कसलासा सांगाडा उकळायला नेलं. मी तोंड सोडलं तर शांतपणे म्हणाले, "बाई, पातेलं घासून येतं. सांगाडा परत येत नाही." ते पातेलं मी त्यांनाच देऊन टाकलं.

सरांना कधी कुणाचं कौतुक करता आलं नाही. त्यांच्या तोंडचा सगळ्यात मोठा शब्द 'चालेल'. माझ्या वालाच्या बिरड्याला आळीतल्या बायका नावाजतात. सरांना वाटी दिली की दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी परत करताना म्हणायचे, "चालेल." कॉलेजात त्यांची एक विद्यार्थिनी विद्यापीठात पहिली आली, पेढे घेऊन घरी आली. तिला म्हणाले, "चालेल." माझ्या मुलीच्या लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकली, तर यांनी जावयाकडे चष्म्यावरून बघितलं आणि भर मांडवात म्हणाले, "चालेल." विहीणबाई अजून मला त्यावरून टोमणे मारतात. हळूहळू आम्हाला कळलं, की चालेल म्हणजे उत्तम. जे खरंच चालण्यासारखं नसायचं त्याला ते काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

समुद्राबद्दल त्यांचं वेगळंच होतं. रविवारी गाड्या भरभरून माणसं किनाऱ्यावर यायची, तर सर म्हणायचे, "आले छप्पर बघायला." पाण्याच्या वरच्या अंगाला ते छप्पर म्हणत. घर खाली आहे म्हणायचे. एवढी वर्षं समुद्राकाठी राहिले, पण कधी गुडघाभर पाण्यात उतरलेले मी पाहिले नाहीत. पोहता येत नव्हतं. मी चिडवलं तर म्हणायचे, "मला जिथं जायचंय तिथं पोहून जाता येत नाही."

आता हिराचं सांगायला हवं. हिरा आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण. तिचा नवरा नाखवा, बोटीचा धनी. त्याचा ट्रॉलर लांबच्या पाण्यात जायचा, माल भाऊच्या धक्क्यावर उतरवून घरी थळला यायचा. सर मासे आवडीने खात, पण घेताना तिचा जीव नकोसा करत. साफ करून दिलेला मासा ते उजेडात धरून, चक्क भिंग लावून तपासायचे. "हा बघ खवला. हा बघ, पोटात काळं राहिलंय. साफ करता येत नसेल तर विकू नये." मासा परत. कधी तुकडी परत. हिरा हसायची. "सर, तुमच्याकरता पापलेटाला साबन लावू काय?" म्हणायची, आणि ओट्यावर बसून पुन्हा घासायची. इतक्या वर्षांत ती अशी तयार झाली, की गावात कुणाकडे लग्नाची मासळी असली तर साफ करायला हिराला बोलवायचे. सरांनी शिकवलं, असं तीच अभिमानाने सांगायची.

बोटीवरच्या माणसांना सरांचा एकच निरोप असायचा. तारामासा मिळाला तर फेकू नका. दर वेळी पुढे जोडायचे, "मासा नाही तो, पण तुम्हाला कळावं म्हणून." माणसं आणून द्यायची. सर बघायचे आणि म्हणायचे, "हा नाही. हा इथलाच, उथळातला." त्यांना हवा होता तो खोल पाण्यातला. तसा एक त्यांना अगदी तरुणपणी, नोकरीच्या सुरुवातीला, धक्क्यावरच्या फेकलेल्या मालात मिळाला होता. तो पहिल्या बरणीत आहे.

तो त्यांनी मला किती वेळा समजावून सांगितला असेल. मी तांदूळ निवडत बसलेली असायची, आणि सर बरणी घेऊन समोर. "बाई, उथळातल्याच्या भुजांखाली बारीक पाय असतात, त्यांना टोकाशी चकत्या, खडकाला चिकटायला. याचे पाय बघा, टोकदार. खाली खडकच नाही, चिकटणार कशाला? नुसता गाळ." उथळातल्याच्या प्रत्येक भुजेच्या टोकाला तांबडा ठिपका असतो, त्याने त्याला उजेड कळतो. याला तो ठिपका नाही. जिथे हा राहतो तिथे उजेड पोचतच नाही. थंडगार, काळोख, आणि वरच्या पाण्याचा भार. वर जे जे मरतं ते झिरपत झिरपत खाली येतं, गाळात मिसळतं, आणि हा तो गाळ खातो. तोंड खालच्या बाजूला. पोट भरून फुगेपर्यंत खातो, आणि मागचं दार नाही. जे घेतलं ते त्याच तोंडाने परत टाकायचं.

"शी," मी म्हटलं.

"बाई, शी म्हणायचं काम नाही. याच्याइतका टापटीप जीव नाही." मग पाठीवरचं सांगायचे. पाठीवर बारीक बारीक खांब, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर काट्यांचा झुबका. झुबके एकमेकांना टेकतात आणि वर मांडव तयार होतो. मांडवाखालून स्वच्छ पाणी खेळतं. जन्मभर गाळात पुरलेला, पण अंगाला गाळ लागू देत नाही. भुजांच्या बेचक्यात फण्यांसारख्या चाळण्या, पाणी गाळून आत घ्यायला. कडेने जांभ्याचे चिरे रचावेत तशा चुन्याच्या पट्ट्या. आणि पाठीच्या मधोमध एक सुळका. सगळं अंग गाळात, सुळका तेवढा वर.

हे सगळं ते सांगायचे, पण बरणीत मला त्यातलं काही दिसायचं नाही. बरणीत एक मऊ, पांढरट, भिजलेल्या पोळीसारखं काहीतरी होतं. कारण सरांनी त्याचं वाटोळं केलं होतं, त्यांच्या स्वतःच्या हाताने. तो मिळाला तेव्हा कॉलेजात स्पिरिट नव्हतं, परवाना अडकलेला होता. म्हणून दोन दिवसांकरता म्हणून त्यांनी तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. मग परीक्षा आल्या, मग पेपर तपासणी, मग सुट्टी. फॉर्मॅलिन जुनं झालं की आंबट होतं आणि चुना खातं. सुट्टीहून येऊन बघतात तर खांब, पट्ट्या, काटे, सगळं विरघळलेलं. पोट शाबूत, पोटातला गाळ शाबूत, पण ज्या हाडांवरून याची जात ओळखायची ती गेली. सरांची खात्री होती, की या जातीला अजून कुणी नाव दिलेलं नाही. नाव द्यायचं तर अख्खा, धड नमुना हवा. "मी विरघळवला, बाई," म्हणायचे. त्यांच्या व्हरांड्यात मी कधी छत्री वाळत टाकली आणि दोनच दिवस हं म्हटलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. "दोन दिवसांकरता म्हणून काही ठेवू नका."

लग्न केलं नाही ते यासाठीच असं मी म्हणणार नाही. लग्न त्यांच्याशी कुणी केलंच नसतं. पण त्या एका जिवाची वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं हे खरं. निवृत्त झाले तरी पुण्याला पुतण्याकडे गेले नाहीत. नाखव्याची बोट आली की काठी टेकत गावच्या धक्क्यावर हजर. दुसरा धड मिळाला की नाव देईन, मग जातो, असं म्हणायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचं हृदय अशक्त झालं. पायांवर सूज, चार पावलं टाकली की दम. डॉक्टरांनी धक्का बंद केला. उत्तरेच्या खिडकीपाशी खाट ओढून तिथे पडून राहायचे. आणि नेमकं तेव्हाच, पावसाळी बंदीच्या आधीच्या शेवटच्या फेरीत, तो आला.

नाखव्याने जाळं खूप लांब, जिथे समुद्राचा तळ खाली उतरायला लागतो त्या कडेला ओढलं होतं. त्यात सापडला. बर्फात घालून घरी आणला. सर आजारी, धक्क्यावर येणार नाहीत, म्हणून हिराने तो घरी नेऊन द्यायचं ठरवलं. आजारी माणसाच्या घरी, आणि तेही सरांच्या घरी, मासळी घाणीसकट कशी न्यायची? तिने त्याला मीठ लावलं. नारळाच्या शेंडीने पाठ घासली. मधोमधचा सुळका तिला चिखलाचा गड्डा वाटला. तो कापून वरून तोंड केलं, आणि आतला सगळा गाळ काढून गोड्या पाण्याने खळाखळा धुतलं. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून, नवं लुगडं नेसून ती आली.

"सर, बगा. तुमचा खालचा तारा गावला. निस्ता चकाचक केलाय."

सर उठून बसले. मी त्यांना कधी असं घाईने उठलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी फडकं उलगडलं. खिडकीकडे धरला. भिंग घेतलं. मी तांब्या घेऊन उभी होते, आणि मला त्यांच्या हाताकडे बघवेना. आता हिराची धडगत नाही, असं मला वाटलं. एका खवल्यावरून ज्यांनी तिला परत पाठवलं ते आता काय काय बोलतील!

ते बराच वेळ बघत राहिले. मग भिंग खाली ठेवून हळू विचारलं, "आतलं कुठे टाकलंस?"

"मोरीत वतला, सर. लय चिखल होता."

सर म्हणाले, "छान. छान केलंस, हिरा. फार छान आहे."

मग मला म्हणाले, "बाई, हिराला चहा करा." ती चहा प्यायली, नाखव्याची तब्येत, पोरीचं बाळंतपण सांगून गेली. सर हं हं म्हणत होते. ती फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी डोळे मिटले.

मी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मांडव घासला गेला होता, सुळका गेला होता, पोट गेलं होतं. तो कुठे राहत होता, काय खात होता हे ज्यावरून कळणार होतं, तो गाळ हिराच्या मोरीतून गटारात गेला होता. कडेच्या पट्ट्या मात्र शाबूत होत्या. मी म्हटलं, "मग आता काय अडलंय? पहिल्याचं पोट आहे, दुसऱ्याच्या पट्ट्या आहेत. दोन्ही मिळून लिहून टाका आणि द्या नाव."

"हे दोघं एकाच जातीचे आहेत, हे कोणत्या तोंडाने सांगू? जे जुळवून बघायचं, ते एकाचं विरघळलंय आणि दुसऱ्याचं घासलंय."

"कोण बघायला येणार आहे, सर?"

"मी आहे ना," ते म्हणाले.

मला राग आला. खरंच आला. एवढासा हट्ट सोडला असता तर काय बिघडणार होतं? मी फणफणत स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता विचार बदलला. तर म्हणाले, "हिराला यातलं काही कळता कामा नये. तिला साफ करायला मीच शिकवलंय. शब्द द्या." मी शब्द दिला. दुसरी बरणी आणायला लावली, आणि तो घासलेला तारा त्यांनी स्वतः स्पिरिटमध्ये सोडला.

मग पाऊस. बोटी वर ओढलेल्या, त्यांच्यावर प्लास्टिक आणि झावळ्या. सर खाटेवरून विचारायचे, "बोटी कधी निघतात?" मी म्हणायची, नारळी पौर्णिमा होऊ दे. हिरा अधूनमधून यायची. बंदीत ताजी मासळी नसते, तर सुकट घेऊन यायची. सर सुकट हातात घेऊन बघायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. एकदाही तिला नाव ठेवलं नाही. मला वाटायचं, आजाराने माणूस मऊ झाला.

आषाढात एका दुपारी ते गेले. वाटी परत करायला हाक मारतील म्हणून मी वाट बघत होते, शेवटी आणायला गेले तर सगळं संपलेलं होतं. पुतण्या आला, पुस्तकं आणि भिंग घेऊन गेला. बरण्या कॉलेजला देते म्हणून मी फोन केला, तर तिथल्या नव्या मॅडम अदबीने म्हणाल्या, की आता चिरफाड बंद झाली, सगळं पडद्यावरच दाखवतात, बरण्यांना जागा नाही. राहिल्या तशाच. येता-जाता त्या दोन बरण्या बघून मला फार वाईट वाटायचं. एवढी विद्या, एवढी वर्षं, आणि शेवटी एक मऊ पडलेला आणि एक पोकळ झालेला. नाव कुणालाच नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या. पहिल्या फेरीहून नाखवा परतला त्या दुपारी हिरा डोक्यावर थर्माकोलची पेटी घेऊन आली. ओट्यावर ठेवून म्हणाली, "बाई, सरांचं स्पिरिट हाय का अजून?"

मी झाकण काढलं. बर्फात, काळपट गाळाने माखलेला, पाच भुजांचा. पोट टम्म फुगलेलं. मधोमध सुळका.

"धुतला न्हाय," हिरा म्हणाली. "हात पन लावला न्हाय. मातीसकट हाय."

मी शब्द दिला होता आणि पाळला होता. "तुला कुणी सांगितलं गं?"

"सांगायला कशाला पायजे? आतला कुटं टाकला विचारलान, नि मंग छान बोलले. इतक्या वर्सांत सर मना कवा छान बोलले, सांगा. तवाच समाजलं, मी कायतरी मोटी घान केलीय. मंग सुकट आनली तरी बोलंनात. मना तर वाटं, एकदा शिव्या घाला, पन बोला."

सगळी बंदी ती नाखव्याच्या मागे लागली होती. तो मिळाला ती जागा बोटीतल्या जीपीएसच्या मशीनवर खूण करून ठेवलेली होती. तिथे विकण्याजोगं काही मिळत नाही, तरी बोट निघाली की पहिलं जाळं तिथेच टाकायचं, असं तिने वदवून घेतलं. सर गेले तेव्हा नाखवा म्हणाला, आता कशाला डिझेल जाळायचं? ती म्हणाली, शब्द दिलास तो दिलास. खलाशी शिव्या घालत होते.

मी मागची खोली उघडली. फडताळावरची रिकामी बरणी घेतली, सर घ्यायचे तसं स्पिरिट घेतलं, आणि चमच्यावर धरून त्याला हळूच आत सोडला. गाळ थोडा सुटला, बरणी गढूळ झाली. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. हळूहळू गाळ खाली बसला. मग मी बरणी खिडकीशी नेली, उत्तरेच्या उजेडाला. पाठीवर झुबक्याला झुबका लागून मांडव झालेला होता. कडेने पट्ट्या, चिरा चिरा दिसावा अशा. बेचक्यात फण्या. सरांनी तांदूळ निवडताना मला जे जे सांगितलं होतं आणि मी ज्याला हं हं करत होते, ते सगळं जसंच्या तसं होतं. बघायचे ते डोळे तेवढे नव्हते.

हिरा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसा हाय, बाई? खरा सांगा."

मी बरणी फडताळावर, त्या दोघांच्या शेजारी ठेवली.

"चालेल," मी म्हटलं.

हिरा उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सरांच्या मयताला ती रडली नव्हती.